होशंगाबादची ‘अनुवर्तन’ नावाची भानगड

आमच्या आयटीत एखादा फ्रेशर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला तीन गोष्टी मिळतात. गळ्यात अडकवायचं आयकार्ड, लॅपटॉप आणि एक ‘बडी’. बडी म्हणजे दोन-तीन वर्षं आधी आलेला असा प्राणी, ज्याला कुठलाही बावळट प्रश्न विचारायची अधिकृत मुभा असते. फ्रेशरने लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे सरकत नाही. प्रॉडक्शन सर्व्हरला तर त्याला हातसुद्धा लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उद्या कुणाच्या खात्यात पगार दोनदा जमा झाला तर निस्तरणार कोण?

आता शाळेतला फ्रेशर बघा. पोरगा किंवा पोरगी डीएड करून येते, आणि पहिल्याच सकाळी हातात हजेरीपट, खडूची पेटी आणि समोर चाळीस मुलं. थेट प्रॉडक्शन! शाळा दोनशिक्षकी असेल तर दुसरे गुरुजी भिंतीपलीकडे दोन वर्ग एकत्र घेऊन बसलेले असतात, आणि वर शाळेचा सगळा कागदी कारभार त्यांच्याच गळ्यात. त्यांना विचारायचं तरी कधी?

महाराष्ट्रात तर या अवस्थेला एक रीतसर नावही मिळालं. २००० साली सरकारने ‘शिक्षणसेवक’ योजना आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची, मग कायम. मानधन किती, तर प्राथमिकला महिना ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५,०००. अधेमधे थोडी वाढ झाली, आणि २०२३ साली हे आकडे १६, १८ आणि २० हजारांवर गेले. आता सुरुवातीला काही वर्षं उमेदवारी करावी याला माझी ना नाही. पण उमेदवारी म्हटली की उस्ताद लागतो. गवंड्याच्या हाताखालच्या पोरालासुद्धा ओळंबा धरायला कुणीतरी शिकवतं. इथे उमेदवाराचा पगार तेवढा कापला आणि उस्ताद द्यायचा राहून गेला.

असो. रडगाणं गायचा आजचा इरादा नाही. मला सांगायचंय ते एका जागेबद्दल, जिथे शिक्षकांच्या पाठीशी उभं राहायचा एक प्रयोग तब्बल तीस वर्षं चालला, तोही सरकारी शाळांत. आणि ही जागा फिनलंडमध्ये नाही. मुंबईहून कोलकात्याकडे किंवा दिल्लीकडे निघालात की इटारसी जंक्शन लागतं ना, जिथे रात्री-अपरात्री चहावाल्यांच्या आरोळीने जाग येते, तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर. होशंगाबाद. २०२२ पासून अधिकृत नाव नर्मदापुरम, पण या गोष्टीपुरतं मी होशंगाबादच म्हणणार आहे, कारण प्रयोगाचं नावच ‘होशंगाबाद विज्ञान’ होतं.

सुरुवात १९७२ ची. अनिल सद्गोपाल हे अमेरिकेत कॅलटेकला शिकलेले रेणू-जीवशास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून ते होशंगाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले आणि तिथे त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. (आमच्याकडे कुणी ऑनसाइट सोडून परत आला तरी आई-वडील डॉक्टरकडे नेतात.) जोडीला होशंगाबाद शहराजवळच्या रसूलियातलं क्वेकर मंडळींचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ होतं. या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारकडे मागणं मांडलं: आम्हाला सहावी ते आठवीचं विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवून बघू द्या. पाठांतर नाही. मुलं चार-चारच्या टोळीत बसतील, स्वतः प्रयोग करतील, दिसेल ते वहीत लिहितील, त्यावर भांडतील आणि निष्कर्ष काढतील. सरकारने चक्क हो म्हटलं आणि १६ शाळा दिल्या.

कल्पना काही आकाशातून पडली नव्हती. प्रयोगातून भौतिकशास्त्र शिकवायचा एक अभ्यासक्रम देशातल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने आधीच बनवला होता, आणि मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये टीआयएफआरच्या मंडळींचं अशाच धर्तीचं काम चालू होतं. त्यातले वि. गो. कुलकर्णी पुढे १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक झाले. म्हणजे नाळ थोडीशी आपल्याकडेही जोडलेली आहे.

आता इथे खरी गोम आहे. त्या १६ शाळांतले शिक्षक वयाने नवे नव्हते. बरेचसे वर्षानुवर्षं खडू झिजवलेले. पण प्रयोग करून विज्ञान शिकवणं या कामात ते सगळेच्या सगळे फ्रेशर. काहींनी तर स्वतः कधी शाळेत विज्ञान घेतलंच नव्हतं. अशा माणसाला आपण सांगतोय की बाबा रे, उद्यापासून वर्गात उत्तर तू द्यायचं नाहीस, मुलांनी शोधायचं, आणि मुलं असं काही विचारतील जे तुलाही येत नसेल. तेव्हा सरळ म्हणायचं, ‘मला माहीत नाही, चला बघूया.’

हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही हो. गावात गुरुजींना जो मान असतो तो गुरुजींना येतं म्हणून असतो.

एक उदाहरण घेऊ. हे माझं आहे, होशंगाबादच्या पुस्तकातलं नाही. आपण सगळ्यांनी शाळेत तो मेणबत्तीचा प्रयोग बघितलाय. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. पुस्तक सांगतं की हवेतला ऑक्सिजन संपला आणि तो एक पंचमांश असतो म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. आता समजा वर्गात दहा टोळ्या आहेत आणि दहाही टोळ्यांनी प्रयोग खरोखर केला. पाणी कुणाचं जेमतेम बोटभर चढेल, कुणाचं पाव ग्लास. जिने दोन मेणबत्त्या लावल्या तिचं आणखी जास्त. कारण ते एक पंचमांशचं स्पष्टीकरणच मुळात चुकीचं आहे! ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आधीच मेणबत्ती विझते, आणि पाणी चढतं ते मुख्यतः ग्लासात अडकलेली तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून. पण हे गुरुजींना कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्यासमोर दहा वह्या, दहा आकडे, आणि पुस्तकात एकच. आता गुरुजी काय करणार? नव्वद टक्के वेळा फळ्यावर ‘१/५’ लिहिणार आणि म्हणणार, खोडा रे आपापलं, हे लिहा. मुलं खोडतात. त्या दिवशी मुलं जे शिकली त्याला विज्ञान म्हणता येणार नाही.

नेमकी ही घटका टाळायला काय लागेल? उन्हाळ्यातलं प्रशिक्षण पुरत नाही, कारण प्रशिक्षण मेमध्ये झालं आणि गुरुजी अडकले सप्टेंबरच्या मंगळवारी. जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका पुरत नाही, कारण ती कपाटात असते. (आमच्याकडचं डॉक्युमेंटेशन. पुढे बोलत नाही.) लागतो तो एक माणूस, जो त्या मंगळवारी किंवा निदान त्या महिन्यात वर्गात येऊन शेजारी बसेल.

होशंगाबादवाल्यांनी हे सुरुवातीलाच ओळखलं, आणि मला त्यांचं कौतुक आहे ते यासाठी. पुस्तकं खूप जण लिहितात. यांनी पुस्तकाभोवती एक यंत्रणा उभी केली. उन्हाळ्यात तीन आठवड्यांचं शिबिर, आणि असं सलग तीन उन्हाळे, दर वर्षी एका इयत्तेचं. शिबिरात भाषणं नाहीत. शिक्षकांनी मुलांसारखं चार-चारच्या टोळीत बसून पुस्तकातले प्रयोग स्वतः करायचे आणि रोज संध्याकाळी धड्याची चिरफाड करायची. मग शाळा सुरू झाली की ‘अनुवर्तन’. म्हणजे महिन्यातून एकदा कुणीतरी शाळेत येणार, प्रत्यक्ष विज्ञानाच्या तासाला बसणार. आणि महिन्यातून एकदा ‘मासिक गोष्ठी’: आसपासच्या शाळांतले विज्ञान शिक्षक एका मोठ्या शाळेत जमणार. त्या शाळेला नाव होतं ‘संगम केंद्र’. शाळांचे असे पुंजके करावेत ही कल्पना कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडली होतीच. बहुतेक ठिकाणी ती अहवालात झोपून राहिली, इथे तिला कामाला लावलं.

अनुवर्तन हा शब्द मला फार आवडतो. मागोमाग जाणं. आपल्याकडे शाळेत बाहेरचा माणूस येतो तो तपासायला. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘दिपोटी’ येणार म्हटलं की आठवडाभर आधी शाळा सारवायला घेत, मुलांना कविता घोकून घेऊन तयार ठेवत आणि ‘ढ’ मुलांना त्या दिवशी घरी राहायला सांगत. दिपोटीसाहेब गेले, साहेब अधिकारी आले, गावभर जीप फिरली, पण नातं तेच राहिलं: तो वर, हा खाली. अशा माणसासमोर कुठला शिक्षक कबूल करेल की मला हा धडा कळला नाही? उलट तो लपवणार. तुमचा बडी आणि तुमचं अप्रेझल लिहिणारा मॅनेजर एकच असेल तर तुम्ही बडीला खरे प्रश्न विचाराल का?

अनुवर्तनाला येणारा माणूस साहेब नव्हता. तो बहुतेकदा दुसऱ्या शाळेतला शिक्षक किंवा उच्च माध्यमिकचा व्याख्याता असे. तो टोळीत जाऊन बसायचा, प्रयोगाला हात लावायचा, मुलं कुठे अडतात ते टिपायचा, किटमधलं काय फुटलं-संपलं ते लिहून घ्यायचा. सरकारनेही एक शहाणपणाची गोष्ट केली. शिबिर, गोष्ठी आणि अनुवर्तन ही शिक्षकाची ‘ड्यूटी’ धरली आणि त्याला नियमाप्रमाणे प्रवासभत्ता दिला. ही बाब बारीक वाटते, पण नाही. रविवारी फुकटात समाजसेवा करा म्हटलं तर पहिली दोन वर्षं उत्साही लोक येतात, तिसऱ्या वर्षी कुणी येत नाही.

आणि गोष्ठीत काय होत असेल? पुन्हा आपला मेणबत्तीचा धडा घ्या. आठ शाळांचे आठ गुरुजी, प्रत्येकाकडे आठ-दहा टोळ्यांचे आकडे. एकट्या वर्गात जे ‘आपलंच काहीतरी चुकलं’ वाटतं, ते सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले की ‘पुस्तकच चुकलंय’ असं दिसायला लागतं. गुरुजी घरी जातात ते चूक पकडलेला माणूस म्हणून. होशंगाबादला शिक्षकांच्या अशा शेऱ्यांवरून धडे खरोखर बदलले जात. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची त्यांची पाठ्यपुस्तकं पुन्हा पुन्हा लिहिली गेली, ती वर्गातून आलेल्या तक्रारींवरून. बग रिपोर्ट आणि पुढची आवृत्ती, अगदी तसंच. परीक्षासुद्धा बदलली. आठवीच्या बोर्डाला विज्ञानाचा पेपर पुस्तक उघडं ठेवून, आणि शिवाय प्रात्यक्षिक. मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक इसम होता, त्याला मुलं पत्रं पाठवत आणि तो उत्तरं देई.

इथे एका इंजिनिअरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरहून १९७५ ला बाहेर पडले, पुण्यात टेल्कोत लागले आणि १९७८ साली वर्षभराची रजा काढून थेट होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळाली आणि त्यात काड्यापेटीच्या काड्या खोचून त्यांनी त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड बनवले. ‘कबाडातून खेळणी’ हे त्यांचं सगळं पुढचं आयुष्य तिथून सुरू झालं. पुण्याच्या आयुकातली मुलांची विज्ञानशोधिका ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. २०१८ ला पद्मश्री मिळाली. टेल्कोत राहिले असते तर व्हाइस प्रेसिडेंट वगैरे झाले असते बहुधा, आणि आपण कुणी त्यांचं नाव ऐकलं नसतं.

असो, मुद्दा स्केलिंगचा. १९७८ सालीच हा कार्यक्रम १६ शाळांवरून अख्ख्या जिल्ह्यावर गेला, दोनशेहून जास्त माध्यमिक शाळा. आता साधा हिशेब करा. वर्षातले आठ महिने धरले तर १६ शाळांना महिन्याला एकदा म्हणजे वर्षाला १२८ भेटी. दिल्ली विद्यापीठातून, टीआयएफआरमधून, कुठून कुठून येणारे उत्साही प्राध्यापक आणि रसूलियाची मंडळी मिळून हे जमवू शकतात. दोनशे शाळा म्हणजे १,६०० भेटी. हे बाहेरच्या माणसांच्या बापाच्यानेही होणार नाही. म्हणून जिल्ह्यातलेच शिक्षक पुढे आणले गेले. ज्यांनी पाच-सहा वर्षं हे सगळं स्वतः केलं होतं ते इतरांचे ‘स्रोत शिक्षक’ झाले. कालचा फ्रेशर आजचा बडी. १९८२ साली या सगळ्या कामासाठी ‘एकलव्य’ ही वेगळी संस्था निघाली आणि कार्यक्रम मध्य प्रदेशातल्या इतर जिल्ह्यांतही पोचला, तेव्हा तिथे शिकवायला जाणाऱ्यांत हे होशंगाबादचे शिक्षक होते. माझ्या मते तीस वर्षांची कमाई विचारली तर ती ‘बाल वैज्ञानिक’ नाही, ही माणसं.

पण खोटं कशाला बोला, पसरलं की पातळ होतंच. अनुवर्तनाच्या भेटी कागदावर होत्या तितक्या प्रत्यक्षात होईनात. भत्त्याची बिलं अडकणं, बदल्या, गोष्ठीची उपस्थिती घटणं, सगळे सरकारी आजार जडले. याची गंमत अशी की हे फक्त होशंगाबादचं दुखणं नव्हे. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास मांडलं की नुसत्या प्रशिक्षणातलं फारसं वर्गात उतरत नाही, वर्गात सोबत करणारा कुणी असेल तरच उतरतं. तिकडे याला ‘कोचिंग’ नाव पडलं आणि मोठा गाजावाजा झाला. (आपल्याकडे कोचिंग म्हटलं की कोटा आणि लातूर आठवतं, तो भाग वेगळा.) २०१८ साली मॅथ्यू क्राफ्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा कोचिंगवरचे ६० अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष दोन: शिक्षकाचं शिकवणं सुधारतं, आणि कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम कमी होत जातो. १६ शाळा आणि दोनशे शाळा यांतला फरक होशंगाबादवाल्यांनी चाळीस वर्षं आधी अंगावर घेतला होता.

मग २००२ आलं. त्या जुलैत, शाळा सुरू झाल्या-झाल्या, मध्य प्रदेश सरकारने कार्यक्रम बंद केला. वरचं कारण असं की एका जिल्ह्यात वेगळं पुस्तक आणि वेगळी परीक्षा कशाला, सगळ्या राज्यात एकच हवं. निकालांबद्दलही तक्रारी होत्या. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी ठराव केला होता. देशभरातून शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी पत्रं लिहिली. उपयोग झाला नाही.

पालकांची भीती मी अगदीच उडवून लावणार नाही. आपल्या मुलाने नववीला जाऊन साच्यातलं विज्ञान घोकायचंच आहे, मग तीन वर्षं हा वळसा कशाला, हा प्रश्न साध्या माणसाला पडणारच, आणि कार्यक्रमवाल्यांकडे त्याला सोपं उत्तर नव्हतं. पण मला खटकतं ते दुसरंच. पुस्तक बदलायचं तर बदला. त्यासोबत गोष्ठी आणि अनुवर्तन का बुडवलं? ती काही ‘बाल वैज्ञानिक’ची मालमत्ता नव्हती. राज्याच्या पुस्तकाला, गणिताला, इंग्रजीला, कशालाही ती यंत्रणा लावता आली असती. तीस वर्षं घालून रुळवलेली सवय, शिक्षकाने शिक्षकाकडे जायची, ती एका सरकारी आदेशाने मोडली.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली तेव्हा मी तिला हे सगळं सांगत होतो. अनुवर्तनापाशी आल्यावर तिने मध्येच थांबवलं. ‘महिन्यातून एकदा येतो, वर्गात बसतो, आणि फॉर्म भरून मागत नाही?’

आता आपल्याकडेही केंद्रप्रमुख असतात. १९९० च्या दशकात हे पद निघालं, साधारण दहा शाळांमागे एक, आणि उद्देश कागदावर शंभर टक्के होशंगाबादी आहे: शाळांना भेटी, शिक्षकांना शैक्षणिक मार्गदर्शन, महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद. काही केंद्रप्रमुख हे मनापासून करतात, अशांबद्दल मी ऐकलंय. पण बहिणीच्या अनुभवात या पदाचं मुख्य काम म्हणजे माहिती गोळा करणं. पोषण आहाराची, गणवेशाची, आधारची, कालच पाठवलेली तीच माहिती पुन्हा नव्या तक्त्यात. सकाळी साडेसातला व्हॉट्सॲपवर ‘अत्यंत तातडीचे’. पहिल्या वर्षात तिच्या वर्गात बसून तिचा तास पूर्ण पाहिला असं कुणीच नाही, आणि तिच्या दृष्टीने तेच बरं, कारण पाहणारा काही शिकवायला आला असेल असं तिच्या मनातही येत नाही. तिला वाचन शिकवताना काही अडलं तर ती डीएडच्या मैत्रिणीला फोन करते. मैत्रीण दुसऱ्या जिल्ह्यात, तीही शिक्षणसेवक.

पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’चंच मराठी भावंडं. त्याचे काही अंक मी तिला नेऊन दिले, आणि सुशील जोशींचं ‘जश्न-ए-तालीम’ही. होशंगाबादची सगळी कहाणी त्यात आहे, आणि हिंदी अगदी सोपं आहे. अंक तिने वाचले. पुस्तक अर्धं झालंय म्हणाली, मग निवडणुकीचं काम लागलं.